पत्रकाची मराठी बाजू

मामा, पहिल्याच ओळीत मुद्द्याला हात घालायचा, हे तू मला शिकवलंस. तर मुद्दा असा: तू कदाचित जागा झाला असतास.

'कदाचित' हा शब्द माझ्या लिखाणात तू कधी पाहिला नसशील. तो दुसऱ्यांच्या लिखाणातून तुझ्याच लाल पेन्सिलीनं खोडत मी मोठी झाले. आता तो माझ्या घशात अडकलाय आणि काढून टाकायला तू नाहीस.

पुण्याच्या एका मासिकानं तुझ्यावर लेख मागवलाय. 'तंजावूरच्या मराठी परंपरेचा अखेरचा शिलेदार' असा मथळा देऊ म्हणतात. त्यांना राजे हवेत, पोथ्या हव्यात, तीनशे वर्षांचा वारसा हवा. शिलेदार! तुला स्कूटर धड स्टँडवर लावता यायची नाही. तू जन्मभर तमिळमध्ये भांडलास, तमिळमध्ये शिव्या खाल्ल्यास आणि मराठी बोललास ती मामीशी, माझ्याशी आणि छापखान्यातल्या मांजराशी. तू कधी जन्मलास, काय शिकलास, हे मी लिहिणार नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि त्यातली माझी बाजू फार वाईट आहे.

तुला 'तू' म्हणायलाही तूच लावलंस. आई-अप्पा पापनाशमला होते आणि शाळेसाठी मला तुझ्याकडे ठेवलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. आपल्या लोकांत मामाला 'तुम्ही' म्हणतात. मी म्हटलं, तर तू म्हणालास, "'तुम्ही' कलेक्टरला म्हण नाहीतर देवाला. दोघंही ऐकत नाहीत." मामी आतून ओरडली, "बिघडवा अजून पोरीला!" ती स्वतः तुला जन्मभर 'अहो' म्हणत राहिली. तिला 'तू म्हण' असं तू कधीच सांगितलं नाहीस. हे मला आत्ता, लिहिताना, लक्षात येतंय.

आपला मेल वीदीवरचा छापखाना देवांवर चालायचा. कुंभाभिषेकाच्या जाहिराती, उत्सवाची भित्तिपत्रकं, लग्नपत्रिका. नास्तिकाच्या पोटाला देवळांनी घातलं, असं मामी म्हणायची आणि तू हसून म्हणायचास, "म्हणून तर देवावर माझा राग नाही गे, गिऱ्हाईक आहे तो." मोठा कागद कापला की कडेच्या अरुंद पट्ट्या उरायच्या. त्या पट्ट्यांवर तू पत्रकं छापायचास. ज्योतिषावर, हुंड्यावर, नवसावर, नदीतल्या वाळूवर. एक हात लांब, चार बोटं रुंद. पुढच्या बाजूला तमिळ, मागच्या बाजूला तेच मराठीत, नागरी लिपीत. गावात आपली शंभर घरं असतील, पण नागरी वाचणारे किती? तू, मी आणि एक निवृत्त पोस्टमास्तर, त्यालाही मोतीबिंदू. "मागची बाजू कुणासाठी छापतोस?" असं मी चिडवायची. तू म्हणायचास, "कोरी ठेवली तर दुकानदार तिच्यावर हिशोब लिहितात."

मला ती लिपी तू छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून शिकवलीस. आजोबांच्या वेळच्या नागरी खिळ्यांची एक पेटी कोपऱ्यात धूळ खात होती. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. मी 'क' आधी उलटा शिकले, मग सुलटा. शाळेतल्या मुली सुट्टीत पल्लांगुळी खेळायच्या आणि मी शाई लागलेल्या बोटांनी उलटी बाराखडी ओळखत बसायची. त्या दुपारींबद्दल तुझे आभार मानायला मला अजून भाषा सापडलेली नाही. माझ्याकडे जे काही आहे ते त्या पेटीतून आलं.

मामीनंही एकदा विचारलं होतं. भाजी चिरता चिरता दाराशी येऊन म्हणाली, "मलाही शिकवा की हो ती अक्षरं." तू खिळे पुसत होतास. मान वर न करता म्हणालास, "तुला कशाला? तमिळ येतं की वाचायला." त्याच आठवड्यात आपण स्त्रीशिक्षणावरचं पत्रक काढलं. मुद्रितशोधन मी केलं. एकही चूक नव्हती त्यात.

दोन वर्षांपूर्वी तुझे मित्र, ते शाळामास्तर, चार महिने नळ्यांमध्ये पडून गेले. तू रोज सायकलनं त्यांच्याकडे जायचास. मग तू शेवटचं पत्रक लिहिलंस: 'माझा श्वास, माझा शब्द'. मला यंत्राला बांधून ठेवू नका, माझ्यासाठी घर विकू नका, मंत्र नको, पिंड नको, डोळे द्या. खाली तुझी सही छापली होती. मजकूर माझ्यापुढे टाकलास तेव्हा तमिळ बाजू दोन ओळींनी जास्त होत होती. पट्टी तेवढीच होती, देव काही अरुंद व्हायला तयार नव्हते.

"ही काढ," मी म्हणाले आणि शेवटच्या ओळीवर पेन्सिल ठेवली.

ती ओळ अशी होती: 'पण घाई करू नका. एक जरी डॉक्टर ठाऊक नाही म्हणत असेल, तर थांबा.'

"ती राहू दे गे, सक्कू," तू म्हणालास. "दुसरं काही काढ."

"पत्रकात 'पण' आला की वाचणारा तिथंच सुटतो. कुणाचं वाक्य हे?"

"माझंच."

"मग? इतकं सगळं ठणकावून सांगायचं आणि शेवटी शेपूट घालायची? सगळे त्या एका ओळीच्या आडोशाला जाऊन बसतील. एक डॉक्टर 'ठाऊक नाही' म्हणतोच कुठंतरी."

तू चष्मा काढून पुसलास. मग हसलास आणि म्हणालास, "सरि. बरं. तुझ्यापुढे कोण बोलणार!" मी ओळ खोडली. पत्रक बाणासारखं सरळ झालं. मला वाटलं, मी जिंकले. मराठी बाजू तू नंतर एकट्यानं लावलीस. ती मी वाचली नाही. कोण वाचतं ती!

तुझ्याशी मी शेवटचं बोलले ते फोनवर, ज्या मंगळवारी तू पडलास त्याच सकाळी. मी एका साप्ताहिकासाठी लेख लिहिला होता, सरकारी विहिरींच्या कंत्राटावर. तू म्हणालास, "चौथ्या परिच्छेदात 'असं दिसतं' घाल. तुझ्याकडे कागद नाही." मी म्हणाले, "तू म्हातारा झालायस मामा. तुझ्या वाक्यांचे गुडघे दुखतात." तू हसलास की नाही, ते आठवत नाही. बहुतेक हसलास. मी फोन ठेवला होता.

दुपारी कागद कापताना तू यंत्राच्या दांड्यावर वाकलास आणि तसाच खाली बसलास. मामी डबा घेऊन आली होती. ती सांगते, तू तिच्याकडे बघून म्हणालास, "डोकं," आणि उजव्या हातानं डावा हात उचलून बघितलास, दुसऱ्याचा असावा तसा. रिक्षात घालेपर्यंत तू घोरत होतास. मामीला वाटलं, झोप लागली, म्हणजे बरं वाटत असेल.

मेंदूत खोलवर रक्त फुटलं होतं आणि मधल्या पोकळ्यांत उतरलं होतं. मी ऑफिस सोडून रात्री हॉस्पिटलात पोचले, तोवर तुला नळी घालून यंत्र लावलं होतं. पलंगाच्या पायाशी एक तक्ता टांगला होता: डोळे उघडतो का, बोलतो का, हात-पाय हलवतो का. प्रत्येकाचे गुण. डोळ्यांना एक. हाताला चिमटा काढला की मागे घेत होतास, त्याचे चार. बोलण्याच्या रकान्यात गुणच नव्हते, नळीमुळे नुसतं 'टी' असं अक्षर. मामा, तुला बोलण्यात गुण नाहीत! गावातले अर्धे भटजी पेढे वाटायला निघाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी मला न सांगता रस्त्याच्या टोकाच्या अम्मनच्या देवळात गेली. तिथं कौल लावतात, तू त्यावरही एक पत्रक काढलं होतंस. तांबडं फूल एका पुडीत, पांढरं दुसऱ्या पुडीत, दोन्ही देवीपुढे टाकायच्या आणि कुण्या लहान मुलीला एक उचलायला सांगायची. पुड्या तिनं तुझ्याच पत्रकांच्या बांधल्या होत्या, घरात दुसरा कागद कुठला असणार! परत आली ती रडत आणि हसत. "पांढरं आलं गे. पांढरं म्हणजे घरी येतात."

"फुलाला काय कळतं, मामी?"

"आणि तुला काय कळतं?"

"मला नाही. डॉक्टरांना कळतं."

मोठे डॉक्टर तिसऱ्या दिवशी आम्हाला त्यांच्या खोलीत घेऊन बसले. त्यांच्यापाशीही कोष्टक होतं: रक्त किती, कुठं, वय काय, तक्त्यावर गुण किती. बेरीज केली आणि आकड्याखाली रेघ ओढली. "अम्मा," ते मामीला म्हणाले, "असे पेशंट उठत नाहीत. उठलेच, तरी ते तुमचे राव सार नसतील. बोलणार नाहीत, ओळखणार नाहीत." किती स्वच्छ वाक्यं होती, मामा! त्यात एकही 'पण' नव्हता. मला ते डॉक्टर तिथंच आवडले.

त्यांच्या मागे एक धाकटी डॉक्टर उभी होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ती हळूच म्हणाली, "सार, आज तिसराच दिवस आहे. झोपेचं औषधही चालू आहे." मोठ्यांनी मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही, अशी.

बाहेर मी तिला गाठलं. "तुम्हाला काय वाटतं? उठतील?"

"तेरियलै," ती म्हणाली. ठाऊक नाही. मग पुन्हा म्हणाली, "खरंच तेरियलै. अजून काही दिवस थांबलो तर थोडं कळेल. सूज उतरायला वेळ लागतो."

"आणि ते कोष्टक?"

"कोष्टक जुन्या पेशंटांवरून बनतं. त्यातल्या कितीतरी जणांच्या घरच्यांनी, उठणार नाही असं ऐकून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नळी काढली. ते गेले. मग कोष्टक म्हणतं, बघा, असे पेशंट जातात." तिनं डोळे चोळले. "कळतंय ना? आपण भाकीत करतो आणि मग आपणच ते खरं करतो."

हे वाक्य तू ऐकलं असतंस, तर तिला छापखान्यात नेऊन कॉफी पाजली असतीस. ज्योतिषावरच्या आपल्या पहिल्या पत्रकात हेच होतं, जवळपास ह्याच शब्दांत. 'ठाऊक नाही म्हणायला शिका', असा त्याचा मथळा होता. आणि तुझी भाची, जी त्या मथळ्याखाली वाढली, ती त्या बाईला काय म्हणाली? म्हणाली, "'ठाऊक नाही' एवढं सांगायला इतकी वर्षं शिकलात?"

तिचा चेहरा मला रोज दिसतो.

मी घरून तुझं पत्रक आणलं. मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर तमिळ बाजू वर करून ठेवलं, तळवा पसरून सपाट केलं आणि मोठ्यानं वाचलं. माझं वाचन चांगलं आहे, तूच घटवून घेतलंस. 'मला यंत्राला बांधून ठेवू नका' म्हणताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. डॉक्टर म्हणाले, "राव सारांनी स्वच्छ लिहून ठेवलंय." मामी म्हणाली, "थोडे दिवस बघूया की. पांढरं आलंय." मी म्हणाले, "मामी, हा त्यांचा शब्द आहे. तू फुलाचं ऐकणार की त्यांचं?"

त्या वेळी मला खोडलेली ओळ आठवली होती. हे मी मान्य करते. पेन्सिलीखालची ती ओळ मला स्पष्ट दिसली, आणि मी स्वतःला सांगितलं की छापलं ते त्याचं, खोडलं ते नाही. त्यानं हसून मान्य केलं होतं. आणि दार उघडं टाकून ती धाकटी डॉक्टर बाहेर उभी होती, 'ठाऊक नाही' म्हणणारी, ती एकच डॉक्टर.

मामीनं सही केली. 'आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत.' तिची सही तमिळमध्ये, गोल गोल, रांगोळीसारखी. तुझ्या पत्रकाला शोभेल असं सगळं उरकलं.

शुक्रवारी सकाळी अँब्युलन्स निघाली. मागे बसलेला माणूस हातानं फुगा दाबत तुला श्वास देत होता, आणि पुदु आरूच्या पुलावर ट्रॅफिक अडलं तेव्हा ड्रायव्हरशी गप्पाही मारत होता. घरी पुढच्या खोलीत तुला ठेवलं. अकरा वाजता त्यानं नळी काढली. "अर्धा तास, अम्मा," तो म्हणाला. मामीनं त्याला कॉफी दिली. तो अर्धा तास थांबला, मग आणखी थोडा. मग फुगा पिशवीत घालून निघून गेला.

तू श्वास घेत होतास, मामा.

बारा वाजले. दोन वाजले. घसा खरखरत होता, पण छाती वर-खाली होत होती, तुझी तू. शेजारचे लोक मरण बघायला आले आणि जेवायला परत गेले. मामीनं ओलं फडकं तुझ्या ओठांना लावलं आणि तुझा गळा हलला. "गिळतायत गे! सक्कू, बघ! परत नेऊया."

"ते आपोआप होतं, मामी. शरीराची सवय आहे ती. मामा नाही तो."

हे मी कुठं वाचलं होतं? कुठंच नाही. वाक्य चांगलं जमलं, म्हणून म्हणाले.

संध्याकाळी धाकट्या डॉक्टरचा फोन आला. "अजून श्वास चालू आहे? आपला आपण? मग घेऊन या. ह्याचा अर्थ काहीतरी असू शकतो."

"त्यांचं पत्रक आहे."

"पत्रकात असं लिहिलंय का, की स्वतः श्वास घेणाऱ्या माणसाला नुसतं ठेवून बघत बसायचं?"

मी फोन बंद केला. मामी विचारत होती, "कोण होतं?" मी म्हणाले, "ऑफिसातलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाचारला तू थांबलास. अर्ध्या तासाचा माणूस एकोणतीस तास जगला, औषधाशिवाय, पाण्याशिवाय, सगळ्यांची भाकितं खोटी पाडत. फक्त मामीचं फूल खोटं बोललं नाही. पांढरं म्हणजे घरी येतात. आलास. त्या फुलाला काहीही कळत नव्हतं, अजूनही मी हेच म्हणते. त्याच्याइतकंच मलाही कळत नव्हतं, एवढंच. पण फुलाचं ऐकून थांबलो असतो, तर निदान थांबलो असतो.

तुझ्या हुकमाप्रमाणे सगळं केलं. डोळे दिले. मंत्र नाही, पिंड नाही, सुतक नाही. बाराव्या दिवशी पापनाशमहून आई आली, तर मामी म्हणाली, "सुतक नाही ना? मग वडे तळते, त्यांना आवडायचे." वडे निथळायला तिनं नेहमीसारखीच तुझी पत्रकं पसरली. शेवटच्या पत्रकाचा गठ्ठा वरच होता. तमिळ बाजू वर.

तेलानं कागद पारदर्शक होतो. वडा उचलला तेव्हा खालची ओळ मला दिसली. तमिळच्या मधून, मागच्या बाजूची, उलटी. दुसऱ्या कुणाला ती नुसती नक्षी वाटली असती. मी उलटी अक्षरंच आधी शिकलेय.

'पण घाई करू नका. एक जरी डॉक्टर ठाऊक नाही म्हणत असेल, तर थांबा.'

मराठी बाजूला जागा उरली होती. तू ती ओळ तिथं ठेवलीस. वडा माझ्या हातात होता आणि आई विचारत होती, मीठ कमी आहे का?

म्हणजे डॉक्टरांच्या टेबलावर, माझ्या तळव्याखाली, ती ओळ होती. मी कागद उलटला असता तर पुरे होतं. त्या खोलीत तीन माणसं होती आणि त्यातल्या एकीलाच ती वाचता येत होती.

आता माझं भांडण ऐक. तू का नाही सांगितलंस? खरं मत होतं, तर तमिळ बाजूला का नाही लढलास? गावातल्या प्रत्येक देवाशी भांडलास आणि भाचीच्या पेन्सिलीपुढे हसून 'सरि' म्हणालास? आणि मग तो शब्द लपवलास कुठं, तर जिथं तुझी बायको कधीच पोचणार नाही तिथं. ती तुझ्या उशाशी बसून 'थांबूया' म्हणत होती, मामा. तुझंच वाक्य ती तुझ्या वतीनं बोलत होती आणि ते तुझं आहे हे तिला सिद्ध करता येत नव्हतं, कारण तिनं अक्षरं मागितली तेव्हा तू खिळे पुसत होतास. 'तुला कशाला' म्हणालास. ह्याला.

तू उठला असतास असं मी म्हणत नाही. अर्धं अंग गेलं असतं, बोलणं गेलं असतं, तू डोळ्यांनी मला शिव्या देत पडला असतास. किंवा चौथ्या दिवशी तसाच गेला असतास. ठाऊक नाही. हे दोन शब्द आता मला बरोबर उच्चारता येतात. फार महाग शिकवणी लावलीस.

हा लेख मी परवा पूर्ण केला आणि पाकिटात घालताना कळलं की मी पुन्हा तेच केलंय. मराठीत लिहिलं. पुण्यातली अनोळखी माणसं वाचतील आणि मामी, जिनं सही केली, ती हा कागद वडे निथळायला घेईल. मग मी पाकीट फोडलं, स्वयंपाकघरात गेले आणि तिला खाली बसवून सगळं वाचून दाखवलं. खोडलेली ओळ, बंद केलेला फोन, सगळं. फोनवर ऑफिसातलं कुणी नव्हतं, हेही.

संपल्यावर म्हणाली, "ते पत्रक आण."

मी आणलं. तिनं ते उलटं केलं. "कुठली?"

मी ओळीवर बोट ठेवलं. तिनं माझं बोट बाजूला केलं आणि आपलं ठेवलं. खूप वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत होती.

"वाचू पुन्हा?" मी विचारलं.

"नको. तुझं वाचलेलं मी एकदा ऐकलं, आस्पत्रीत. पोदुम." पुरे. मग म्हणाली, "ती खिळ्यांची पेटी आण छापखान्यातून. मला शिकव. सगळी नकोत. ह्या ओळीतली तेवढी."

"मामी—"

"रोज एक. माझं मी वाचीन."

काल 'प' झाला. तिनं खिळा हातात धरला, उजेडात नेला, म्हणाली, "हे उलटं आहे." मी म्हणाले, आधी उलटंच शिकायचं असतं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी पाटी पुढे सरकवली. आज 'ण'. दुपारभर गिरवत होती, चुकलं की पाटी पुसून पुन्हा. माझ्याशी बोलत नाही. शिकते.

'थांबा' शेवटी आहे, मामा. तिथं पोचायला महिना लागेल. तोवर रोज संध्याकाळी मला तिच्यासमोर बसायचंय.